हलका झालेला क्लच

आमच्या जुन्या गाडीत पेडल दाबलं की क्लच ओढून सोडवणारं बेअरिंग होतं. त्याचे पार्ट मिळेनात, म्हणून मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून ढकलून सोडवणारं बेअरिंग आणि त्याला जुळणारा नवा क्लच बसवला. पेडल एकदम लोण्यासारखं झालं.

"मी बघू दाबून?" आईनं विचारलं.

तरुणपणी ती याच गाडीवर शिकायला बसली, तेव्हा जुना क्लच तिला दाबवेना. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं," बाबा म्हणाले. पुढे मीही तेच म्हणत राहिलो. माणसाला जमत नाही हे आपण किती पटकन ठरवतो. यंत्र तपासायचं काही सुचत नाही.

दुखरा गुडघा सावरत आईनं पेडल दाबलं. ते सहज खाली गेलं.

"म्हणजे पायात जोर होता माझ्या."

मी किल्ली पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"आता कुठे जायचंय मला?"