सासूबाई नावाची बाटली

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटात स्कॉचच्या बाटल्या आहेत आणि त्यांतल्या एकीवर माझ्या अक्षरात ‘सासूबाई’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. शेजारचीवर ‘आगटी’. पलीकडे ‘काहील’, ‘दवाखाना’ आणि ‘ओलं घोंगडं’. नवखा पाहुणा आधी बाटल्यांकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि मग पाणी मागतो.

त्याला काय सांगू! तरुणपणी मी याच कपाटासमोरून नाकाला पदर लावून जायची. आमचे हे टॉवेलच्या धंद्यातले. भवानी पेठेतल्या लहानशा कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकं माल बघायला यायची आणि जाताना एखादी बाटली ठेवून जायची. हे ती जपून ठेवायचे. रविवारी संध्याकाळी गच्चीवर बोटभर घेऊन बसायचे, तेवढंच. पण माझा आव असा, की घरात गुत्ताच उघडलाय. देव्हारा आणि कपाट यांच्यामध्ये मी पडदा लावला होता, देवांना दिसू नये म्हणून. माझ्या देवांना पडद्यापलीकडचं दिसत नाही, एवढी माझी भक्ती! बाटल्यांचे गोल पत्र्याचे डबे मात्र चालायचे. ते धुऊन त्यांत कुरडया भरायची. सोवळं बाटलीपुरतं, डबा फुकटचा होता की.

मग ती तापाची साथ आली. आम्ही दोघंही पडलो, दोघंही उठलो, पण यांचं नाक काही उठलं नाही. कशाचाच वास येईना. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं? पण हा माणूस सुताचा गठ्ठा फोडला की नुसत्या वासावर ओल लागलीय का सांगायचा. आता शेंगाची चटणी तोंडात घालून म्हणायचे, “तिखट लागतंय. शेंगा कुठायत?” भाकरी अर्धी टाकून उठायचे. बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, किंवा नाही येणार. आणि एक दिवस यांनी आपल्या जुन्या मित्राला फोन लावला, “कपाटातल्या सगळ्या बाटल्या घेऊन जा. मला आता पाणी काय आणि ती काय.”

ज्या बाटल्या घराबाहेर जाव्यात म्हणून मी सगळी तरणी वर्षं तोंड वाजवलं, त्या आता निघाल्या होत्या. मी पेढे वाटायला हवे होते. पण आज बाटल्या चालल्या, उद्या हा माणूस जेवणावरून उठेल तो उठेलच, असं वाटलं. मी फोन हिसकावून घेतला.

“भाऊजी, एवढ्यात येऊ नका. उन्हाळा जाऊ दे.”

“का हो वहिनी? तुम्हीच तर म्हणायचा, विहिरीत टाकीन म्हणून!”

“विहिरीला पाणी न्हाय आता,” म्हणून मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मीच एक बाटली गच्चीवर नेली. म्हटलं, “तुम्हाला येत नाही ना वास? मी घेते. तुम्ही ऐका.” हे माझ्याकडे बघतच राहिले. मी पेल्यात नाक खुपसलं आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

“अगं, विहीर आहे का ती, उडी मारायला? लांबून घे. तोंड जरा उघडं ठेव. आणि दारूचा वास घेऊ नको, तिच्या मागचा घे.”

“मागं कोण उभं आहे?”

“तेच तर तू सांगायचंस.”

पहिले काही दिवस माझ्या नाकाला सगळीकडे औषधच दिसायचं. हे चिडायचे. चिडले की मला बरं वाटायचं, निदान बोलले तरी. मग एक बाटली उघडली आणि मी ओरडलेच, “आगटी! अहो, आगटी!”

माहेरी मंगळवेढ्याला हुरड्याच्या दिवसांत शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवायचे आणि त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायचे. ती आगटी. साता समुद्रापलीकडच्या बाटलीत तोच धूर, तोच जळका गोडवा. यांनी डोळे मिटले. “पहिल्या वर्षी तुझ्या भावानं मुद्दाम गरम कणीस हातावर दिलं होतं मला. हात पोळला, पण जावई ना, ओरडता येईना.” कितीतरी दिवसांनी हे हसले. वास मला आला होता आणि आठवण यांना.

मग मला नादच लागला. हे शिकवू लागले. तिथले लोक सातू भिजवतात, मोड आणतात आणि काहीजण ते दलदलीतल्या मातीच्या वाळलेल्या विटा जाळून त्या धुरावर सुकवतात. मी म्हटलं, “म्हणजे मातीच्या गोवऱ्याच की! आणि मोड आणून वाळवायचं तर मी नाचणीचं सत्त्व करताना आयुष्यभर तेच केलं.” मी ज्याला पाप म्हणत होते, त्याचं अर्धं काम माझ्याच स्वयंपाकघरात चाललं होतं. दोन थेंब पाणी घातलं की वास मोकळा होतो, हेही कळलं. चमचाभर पोटात जाऊ लागली. लाजत नाही सांगायला, छान लागते.

प्रत्येक बाटलीला मी माझी नावं दिली. गुऱ्हाळात रस उकळतात त्या मोठ्या कढईचा वास, ती ‘काहील’. एकीच्या मागं मनुका, लवंग आणि जुनं लाकूड उभं होतं. सासूबाईंची शिसवी पेटी! मनुका-लवंगा त्या तिच्यात कुलूप लावून ठेवायच्या आणि किल्ली कमरेला. तीच ‘सासूबाई’. पुण्याला दिलेली लेक फोनवर विचारायची, “आई, येताना काय आणू?” मी सांगायची, “धुराची एखादी बघ गं, आपल्याकडं नसलेली.” ती म्हणायची, “बाबांना दे फोन.”

एका संध्याकाळी मला चेष्टा सुचली. यांच्या पेल्यात मी ‘सासूबाई’ ओतली आणि ‘आगटी’ म्हणून दिली. वर रंगवून सांगितलं, “आज काय धूर आहे! गोवरी नुकतीच पेटलीय.” एरवी हे मान डोलवायचे. त्या दिवशी डोलवली नाही. पेला नाकाशी धरून तसेच बसले. मला वाटलं, काही होतंय की काय यांना.

“आगटी नाही ही,” हे हळूच म्हणाले. “ही आई आहे.”

मी  पेला यांच्या हातातून घेतला, परत दिला, परत घेतला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून सासूबाईंना संपवलं, एवढंच म्हणते. रिकामी बाटली मात्र चिठ्ठीसकट परत कपाटात ठेवली.

नाक सगळं आलं नाही. मोगरा अजून कळत नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात ताटावर बसून म्हणाले, “आमटीची फोडणी करपलीय.” पूर्वी या वाक्यावर मी दोन दिवस अबोला धरला असता. आता मी हात जोडले आणि आणखी एक पळी वाढली. ती करपलेली आमटी यांनी बोटं चाटून खाल्ली.

पावसाळ्याच्या तोंडावर यांचे मित्र आले, मोठी पिशवी घेऊन. बिचाऱ्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी त्यांना ‘आगटी’चा उंच पत्र्याचा डबा दिला. त्यांनी तो हलवून बघितला. आतून खुळखुळ वाजलं.

“वहिनी, हे काय?”

“कुरडया. मंद आचेवर तळा.”