छाती सरांची, पाय माझा

आमच्या ऑपरेशन थिएटरबाहेर चपलांचा ढीग असतो. येणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो आणि जाताना भलत्याच चपला सरकवून जातो. किस्सेही असेच साठतात. कुणाचा कुठला, हे आता मलाही खात्रीनं सांगता येत नाही.

मी बायपासच्या टीममधला असिस्टंट. हृदयाची नळी तुंबली की तिला वळसा घालून नवी वाट करून द्यायची. त्यासाठी पायातली एक लांब शीर वापरतात. सॅफेनस तिचं नाव, घोट्यापासून जांघेपर्यंत जाते. सर छाती उघडतात, मी पाय. आशीर्वाद सरांना मिळतात. मला काय मिळतं, ते सांगतो.

* * *

बायपासनंतर बऱ्याच जणांचा छातीपेक्षा पाय जास्त दुखतो. गारखेड्याचे एक रिटायर्ड हेडमास्तर चौथ्या दिवशी सरांना हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही देवमाणूस! छातीत काहीच जाणवत नाही. पण हा पाय कुणी फाडला?"

सरांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

हेडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिक्षण कुठं झालं तुमचं?"

महिन्यानं ते तपासणीला आले. सरांना पेढे दिले. मला पाय दाखवला.

* * *

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटला उभं करून पायावर मार्करनं शिरेची रेघ आखतो. कन्नडकडच्या एका आजींच्या पायावर अशीच सुंदर रेघ काढली. सकाळी बघतो तर रेघ गायब! दोन्ही पाय लखलखीत.

"आजी, रेघ कुठंय?"

"घासून काढली की. सुनेकडून वजरी आणवली." आजी माझ्याकडेच रागानं बघत होत्या. "काय झालं तर देवाच्या दारात असल्या पायानं जाऊ व्हय?"

मी पुन्हा रेघ आखली. शबाना सिस्टर आजींच्या उशाशी वजरी जप्त करून बसल्या.

* * *

औरंगपुऱ्यातले एक कापडवाले चाचा. भूल द्यायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घाबरले. मी हात हातात घेतला.

"बेटा, आधा बित्ता ज्यादा काटना. कम पड्या तो जोड दिखता!"

मी घेतली अर्धी वीत जास्त. त्या दिवशी तिसऱ्या जोडाला ती लागलीच! सरांनी विचारलं, "आज एवढं शहाणपण कुठून?" मी म्हटलं, "अनुभव."

* * *

या कामानं नजर बिघडते. क्रांती चौकात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर हाफ पँटमधला एक माणूस होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ, भरदार शीर. मी बघतच राहिलो.

"काय बघता हो?"

"शीर फार छान आहे तुमची."

त्यानं सिग्नल तोडला.

* * *

आणि फुलंब्रीकडचे नामदेवराव. तीन जोड हवे होते. छातीतली एक नळी वापरता येणार होती, पण पायांत काहीच नव्हतं. फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन मागंच झालेलं, दोन्ही पायांतल्या शिरा तेव्हाच काढलेल्या. सर घरच्यांना म्हणाले, "हातातल्या बघतो. त्या बारीक निघाल्या तर अवघड आहे." नामदेवरावांची बायको भिंतीला टेकून खालीच बसली.

सकाळी थिएटरच्या दारात एक म्हातारा उभा. विजार जांघेपर्यंत दुमडलेली, उजवा पाय ब्लेडनं साफ केलेला, त्यावर बॉलपेननं रेघ. वॉर्डातल्या कुणाच्या तरी पायावर बघून स्वतःच आखलेली. तीही चुकीच्या बाजूनं.

"मी नाम्याचा थोरला भाऊ. घ्या."

हे नामदेवरावांचे दादा. विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं बारा वर्षं बोलणं बंद होतं, हे शबाना सिस्टरांनी नंतर सांगितलं.

मी म्हटलं, "बाबा, दुसऱ्याची शीर चालत नाही."

"सख्ख्या भावाची बी नाय?"

"नाही."

त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "मंग बसतो हितंच."

दोन्ही हातांतून मिळून शीर कशीबशी पुरली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत नामदेवराव नीट शुद्धीवर आले, तेव्हा दादा पलंगाशी उभे होते. विजार अजून वरच. नामदेवरावांची नजर त्या साफ केलेल्या पायावर आणि रेघेवर गेली. डोळे भरून आले.

"दादा... लई दुखतोय का रं पाय?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. दादांनी माझ्याकडं असं काही पाहिलं की मी ते मिटलं.

"दुखतोय की," दादा म्हणाले. "पर तू नको काळजी करू."

आणि दारापर्यंत लंगडत गेले.