व्याह्यांच्या घराचा वास

मिरज सोडलं आणि समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी बूट काढले. पाठोपाठ मोजे काढले आणि खिडकीच्या गजाला वाळत घातले. पुढचं स्टेशन यायच्या आत आमच्या कप्प्यातली मंडळी एकेक करून काहीबाही निमित्त काढून उठली. मीही पदर नाकाला लावून दारापाशी जाऊन उभी राहिले. जरा वेळाने डोकावून पाहते, तर दिनकरराव मोकळ्या बाकावर पाय पसरून, बरोबर त्या मोज्यांच्या खाली, पेपर वाचत बसलेले.

"लोक कुठे गेले गं सगळे?" त्यांनी विचारलं. "किती ऐसपैस झालंय!"

दिनकरराव म्हणजे आमचे यजमान. आम्ही दोघं कोल्हापूरहून नागपूरला निघालो होतो, आमच्या मेघाच्या सासरी. लग्नानंतरची ही पहिलीच खेप. आणि दिनकररावांना त्या मोज्यांचा पत्ता नव्हता, याचं कारण आमच्या परसातला शेवगा.

शेवग्याच्या फांदीचा भरवसा धरू नये हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दिनकरराव निवृत्त होईपर्यंत बांधकाम खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या इमारतींचा भार तपासला. पण गेल्या उन्हाळ्यात चार शेंगांसाठी स्टुलावर चढले, फांदीला हात घातला, ती कडकन मोडली आणि हे उताणे फरशीवर. डोक्याच्या मागे खोक पडली. क्षणभर शुद्ध गेली. इस्पितळात टाके घातले, मेंदूचा फोटो काढला, तो ठीक निघाला. आम्ही देवापुढे नारळ फोडला आणि विषय संपला असं समजलो.

मग घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं सुरू झालं. चहात आलं घातलं नाहीस. आमटीला फोडणी विसरलीस. रस्सा पाणचट झालाय. एवढ्या वर्षांत ज्यांनी माझ्या हातच्या रश्श्याला नाव ठेवलं नव्हतं, ते रोज ताट सरकवायला लागले. मी रागाने एक दिवस मूठभर लसूण ठेचून फोडणीला घातला. शेजारीण विचारायला आली, आज काय बेत? हे मात्र म्हणाले, "लसूण संपलाय का?" दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या छताला चाळणीसारखं पातळ हाड असतं. त्याच्या बारीक छिद्रांतून वासाचे तंतू वर मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि ते नाजूक तंतू तुटतात. मार मागे लागला तरी तुटतात. "नाक शाबूत आहे. वरची तार तुटलीय," डॉक्टर म्हणाले. "आणि आपण ज्याला चव म्हणतो ना, ती बरीचशी वासच असते. जिभेला कळतं ते खारट, गोड, आंबट, कडू असलं मोजकंच. तिखट तर चव नव्हेच, ती आग." परत येईल का? काहींचं येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येतच नाही. तोवर लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायची. तेव्हापासून दिनकरराव चार बाटल्या पुढ्यात मांडून, संध्येला बसावं तसे डोळे मिटून बसतात. प्रसाद अजून काही मिळालेला नाही.

"मेघाच्या सासरी यातलं अवाक्षर काढायचं नाही," त्यांनी मला निघताना बजावलं होतं. पोरीला उगाच घोर नको, हे एक. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत यांनी व्याह्यांना ऐकवलं होतं, "तुमचं सावजी मटण म्हणजे नुसती आग! रस्सा बघायचा तर कोल्हापूरला या." व्याही शांतपणे म्हणाले होते, "पयले आमच्या घरी जेवजा. मंग बोलजा." आता त्या जेवणाला हे नाकाशिवाय निघाले होते.

शेगावला कचोऱ्या घेतल्या. मोजेवाल्या गृहस्थांनी मोठ्या आग्रहाने स्वतःच्या डब्यातलं लोणचंही दिलं. दिनकररावांनी आनंदाने घेतलं. मी उपास सांगितला.

नागपूरला उतरलो तर हवेत कोरडी, करकरीत थंडी. जावई नितीन घ्यायला आला होता. त्यांचं घर हुडकेश्वरला, शहराच्या दक्षिणेला. तिकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी घरं, अर्धी घरं आणि नुसते खांब. प्रत्येक ले-आउटच्या (वसाहतीच्या) तोंडाशी संत्र्यांची गाडी. व्याह्यांचं घर दुमजली, फिक्या पिवळ्या रंगाचं. फाटकातच मला जवसाच्या तेलाचा आणि भाजलेल्या मसाल्याचा असा घमघमाट आला की प्रवासाचा शीण विसरले. मी दिनकररावांकडे पाहिलं. ते कुंड्या पाहत होते.

"या जी, या ईवाईबुवा!" (ईवाई म्हणजे व्याही.) पुंडलिकराव कमरेला टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले. त्यांचे वडील उमरेडला मागावर धोतरं विणायचे. ते स्वतः बसडेपोत मेकॅनिक होते. घरात मटण मात्र तेच रांधतात, बाईमाणसाला त्या पातेल्याजवळ फिरकू देत नाहीत. "मले सकाळपासून घराबाहेर काढून ठेवलं वं," विहीणबाई, कमलताई, माझ्या कानात म्हणाल्या.

पाट मांडले. काळाभोर रस्सा, वर तेलाचा तवंग, ज्वारीच्या भाकरी. मी पहिला घास घेतला आणि मनात म्हटलं, कोल्हापूरकरणीने कबूल करू नये पण हा रस्सा काही औरच आहे. तिखटामागून काहीतरी खोल, धुरकट, खमंग येत होतं. दिनकररावांच्या डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या. पुंडलिकराव हरखले.

"पाहा! पानी आलं! सांगा आता, कसं झालं?"

"वा! अप्रतिम! फारच छान!" दिनकरराव म्हणाले. साखरपुड्याच्या हॉलबद्दलही ते असंच म्हणाले होते.

"तेल ओळखा."

मी खोकले. ठसका लागल्याचं सोंग करून पाण्याचा तांब्या पुढे केला. पण यांना उत्तर द्यायची घाई.

"शेंगदाणा. घाण्याचा दिसतोय."

 जवसाचं तेल पुंडलिकरावांनी या जेवणासाठी मुद्दाम उमरेडहून काढून आणलं होतं, हे मला नंतर कमलताईंनी सांगितलं. पुंडलिकरावांनी यांना आणखी एकदा वाढलं, तेही न विचारता, आणि मग स्वतः खाली मान घालून जेवले.

दुपारी मेघाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, खरं सांग. बाबा पडल्यापासून विसरायला लागलेत का? सकाळी मी निशिगंधाचा गजरा दाखवला तर म्हणाले, कागदी आहे का. आत्ता तेलाचं तसं. डोक्यात काही राहिलंय का गं?" तिचे डोळे भरले होते. माझ्या ओठावर आलं होतं सगळं. पण शब्द दिला होता. "थकलेत गं," एवढंच म्हटलं, आणि ते तिला पटलं नाही हेही मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊन (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) आम्ही लकडगंजच्या बाजारात गेलो. मेघाचा मसाला संपला होता आणि मला कोल्हापूरला न्यायला हवा होता. पुंडलिकरावांच्या ओळखीचं ठोक दुकान. दारापासून पोती मांडलेली. मिरच्यांचा ढीग, धणे, दगडफूल, जायपत्री. आत पाय टाकताच मी शिंकले, मेघा शिंकली, कमलताई तोंडाला पदर लावून बाहेरच थांबल्या. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, पहिल्यांदा आले वाटतं! रोजच्याले इथं काहीच होत नाही." शिंकून झाल्यावर दिनकररावांनी मात्र एकेका पोत्यावर वाकून छाती भरून श्वास घेतला आणि जाणकारासारखी मान हलवली. 

पुंडलिकराव मूठ मिटून पुढे आले. "ईवाईबुवा, डोये मिटा. काय हाये सांगा."

यांनी डोळे मिटले, मुठीवर नाक टेकवलं. शेजारी वेलदोड्यांचं पोतं होतं, ते यांनी मघाच हेरलं होतं.

"वेलदोडा," हे ठामपणे म्हणाले. "आणि नवा आहे. वा!"

पुंडलिकरावांनी मूठ उघडली. हिंगाचा खडा.

दुकानदार हसला, हमाल हसले, मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पुंडलिकराव हसले नाहीत.

"काहून जी," ते हळू आवाजात म्हणाले. "कालपासून आमची मजा घेऊन राहिले का तुमी? आमचं जेवन नाई आवडलं तं नाई म्हना. आमी काय रागावतो का? पन जवसाले शेंगदाना, हिंगाले वेलदोडा… आमी गावठी हाओ म्हनून का?"

"नाही हो!" दिनकरराव एकदम म्हणाले. मग खाली धण्याच्या पोत्यावर बसले. मला वाटलं आता काहीतरी थाप मारतील. पण त्यांनी मेघाकडे पाहिलं. ती रडायच्या बेताला आली होती.

"मला वासच येत नाही," ते म्हणाले. "पडलो तेव्हापासून. काहीच येत नाही. हिंगही नाही आणि अत्तरही नाही. तुमचं मटण… तिखट कळलं. मीठ कळलं. मऊ शिजलंय हे कळलं. पुढचं काही कळलंच नाही हो. एवढ्या लांब येऊन."

मी डॉक्टरांचं चित्र, ती चाळणी, ते तंतू, सगळं भराभर सांगून टाकलं. मेघा ऐकत राहिली. मग हुंदका देऊन म्हणाली, "बाबा, मला वाटलं डोकं गेलं! नुसतं नाकच गेलं होय!" आणि रडता रडता हसायलाच लागली. "नुसतं," असं दिनकरराव पुटपुटले, पण त्यांचाही चेहरा सैल झाला होता.

पुंडलिकराव पोत्यावर त्यांच्या शेजारी टेकले. बराच वेळ हिंगाचा खडा हातात फिरवत होते. "मंग जेवन कसं लागते तुमाले?"

"जेवणाचं सोडा. त्याची सवय होते." दिनकरराव म्हणाले. पुढचं त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. "प्रत्येक घराला एक वास असतो ना. आत गेलं की कळतं, हे आपलं, हे परक्याचं. पोरीच्या घरी आलो. भिंती पाहिल्या, टीव्ही पाहिला. पण तिचं घर काही कळलं नाही. फोटोत पाहिल्यासारखं वाटतंय."

 दुकानदाराने न मागता चहा मागवला.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी चपला काढल्या आणि दिनकररावांचा हात धरला. "चला जी. घर दाखवतो तुमाले."

"पाहिलं की काल."

"काल कुठी पाह्यलं? चला." आणि दारापासून त्यांनी सुरुवात केली. "हे इथं पायपोस. याले ओल्या कुत्र्याचा वास येते, जरी आमच्याकडं कुत्रा नाई. हे जिन्याखाली माही जुनी लुना. ऑइल आन् पेट्रोल. हिच्यासाठी बायको दर महिन्याले भांडते, पन मले हा वास नसला तं झोप नाई येत. हे देवघर. कापूर, आन् कालची फुलं, जराशी कुजलेली, खोटं काहून बोलू? इथं माही खोली. बाम. निस्ता बाम."

"आणि मेघाची?" दिनकररावांनी विचारलं.

पुंडलिकराव दारातच थांबले, सुनेच्या खोलीत न जाता. त्यांनी नाक वर करून नीट हुंगलं. "खोबऱ्याचं तेल. धुतलेले कपडे. आन् संत्र्याची साल. हे पोरगी साली उशाशी ठेवते, सुकवते का काय करते. आधी या खोलीले पोराच्या बुटाचा वास यायचा. आता नाई येत."

"ती लहानपणीही ठेवायची," दिनकरराव म्हणाले. "मोसंबीच्या." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तिखट काही खाल्लेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला कमलताईंनी पातेलं आपल्या ताब्यात घेतलं. वडा-भात केला. तळलेले वडे भातावर कुस्करायचे, वर मोहरी-मिरचीचं कडकडीत तेल, बाजूला आंबट कढी. दिनकरराव जेवताना मधेच थांबून म्हणाले, "हे कुरकुरतंय!" आणि तिसऱ्यांदा भात घेतला. पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर किंचित मत्सर दिसला. "माह्या मटनाले एवढं नाई खाल्लं," ते म्हणाले. "उद्या कडकडा चावाले हाडंच देतो."

स्टेशनवर निरोप देताना मेघाने यांना मिठी मारली आणि मान त्यांच्या खांद्यावर ठेवून मुद्दाम जोरात श्वास घेतला. "तुमचा वास मला येतो ना," ती म्हणाली. "बास झालं." पुंडलिकरावांनी मसाल्याचा पुडा दिला आणि सांगितलं, "नाक आलं का फोन करजा. नाई आलं तरी करजा."

प्रवास करून आलेला माणूस डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगत सुटतो. मीही शेजारणीला तलाव, संत्री, रुंद रस्ते सांगितले. पण नागपूर माझ्या मनात बसलंय ते पुंडलिकरावांच्या नाकाने पाहिलेलं. ओला पायपोस, लुनाचं ऑइल, बामची खोली. आपल्याच घराचा वास आपल्याला कधी येत नाही म्हणतात, पण त्या माणसाला आपल्या घराचा कोपरा अन् कोपरा हुंगून ठाऊक होता.

दिनकररावांचं नाक अजून आलेलं नाही. बाटल्या चालू आहेत. नागपूरचा फोन दर रविवारी येतो. पाऊस पडला का विचारावं तसं पुंडलिकराव विचारतात, "आलं का?" हे म्हणतात, "नाही आलं." मग दोघं अर्धा तास रस्सा कोणाचा चांगला यावर भांडतात.

पण कोल्हापूरला परत पोचलो त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी बॅग उघडली, तर मसाल्याचा पुडा फुटून सगळ्या कपड्यांना लागलेला. माझ्या चांगल्या साडीलासुद्धा. मी चरफडत कपडे झटकायला लागले. दिनकरराव दारात येऊन उभे राहिले.

"कसा येतोय गं?" त्यांनी विचारलं.

मी पटकन "छान" म्हणणार होते. मग थांबले. साडी खाली ठेवली, डोळे मिटले आणि बॅगेत डोकं घातलं.

"बसा," मी आतून म्हटलं. "सांगते."