बी विंगला बंदी

अंधेरीच्या ऑफिसात माझं काम कागदपत्रं तपासण्याचं. कंपनीला एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही फुकट वापरावं, बदलावं असं, घ्यायचं असेल तर आधी ते माझ्या टेबलावर येतं. लायसन्स कोणतं, कोड कोणी लिहिला, निर्णय कोण घेतं, वाद झाला तर मिटवतं कोण. विचारायचं, खूण करायची, पुढे जायचं.

मागे मुलुंडहून एक सॉफ्टवेअर आलं. सोसायटीच्या टाकीत पाणी किती, पंप कधी सुरू करायचा, ते सांगणारं. लिहिणारी मुलगी तिथल्याच ए विंगमधली. मी ते पास केलं तर कंपनी ते घेणार होती आणि सांभाळायला तिलाच नोकरीवर ठेवणार होती.

लायसन्स नेहमीचंच होतं. खूण करणार, तेवढ्यात तळाशी एक मराठी ओळ दिसली: ‘बी विंगमधील कोणासही वापरता येणार नाही.’

फोन केला. बी विंगने गच्चीवर हळदीचा मांडव घालताना टाकीचं झाकण फोडलं होतं, म्हणून वार्षिक सभेत तसा ठराव झाला, असं तिने मला सांगितलं. मी तिला सांगितलं की कोड लिहिणाऱ्यांचा असतो, सभेच्या ठरावाला इथे काडीची किंमत नाही. कोणाला वगळलं की ते ओपन सोर्स राहत नाही. शिवाय ओळीत सोसायटीचं नाव नव्हतं, आणि आमच्या कंपनीचं अंधेरीचं ऑफिसही तिथल्या इमारतीच्या बी विंगमध्येच आहे.

तिच्या कोडमध्ये सोसायटीतल्या आणखी काही जणांनी भर घातली होती, आणि ओळ काढायला त्या प्रत्येकाची संमती लागणार होती. बाकीच्यांनी लगेच दिली. उरले एकच काका, निवृत्त इंजिनियर. पंपाचा सगळा भाग त्यांनी नव्याने लिहिला होता. ते बी विंगमध्ये राहत होते.

ईमेलवर हे सुटणारं नव्हतं. मी मुलुंडला गेले, तिला बरोबर घेतलं आणि काकांची बेल वाजवली.

“तुमच्यावरच बंदी, आणि दुरुस्त्या तुम्हीच करता?” मी विचारलं.

“मी वापरत नाही, मॅडम. फक्त दुरुस्त करतो. अट मोडलेली नाही.”

नियमांचं इतकं शुद्ध पालन मी आमच्या कंपनीतही पाहिलेलं नाही. पण ओळ काढायला काका तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, ए विंगचंही नाव घाला, समान न्याय.

“काका, मग वापरणार कोण?”

“सी विंग.”

सोसायटीत सी विंग नाही, हे तिने मला हळूच सांगितलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, “काका, माझी नोकरी अडलीय यात.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग हे आधी नाही का सांगायचं? ठराव ठराव काय लावलंयस इतके दिवस?”

तरी एक अट राहिलीच. ओळ घातली ए विंगने, काढणार बी विंग, आणि तशी नोंद राहायला हवी. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव राहतंच, त्यामुळे माझी हरकत नव्हती. काकांनी चष्मा लावून ओळ पुसली. शेजारी बसून तिने मंजुरी दिली. ‘वाद मिटवण्याची व्यवस्था आहे का?’ या प्रश्नापुढे मी खूण केली.

ती आमच्याकडे रुजू झाली. सभेपुढे न ठेवता ओळ काढू दिली म्हणून सोसायटीने तिला नोटीस पाठवली आहे. उत्तराचा मसुदा काल तिने माझ्याकडे तपासायला दिला. मसुदा काकांनी लिहिलाय, आणि मला त्यात स्वल्पविरामसुद्धा बदलावा लागला नाही.