तीनशे डीपीआयचा सोऱ्या

चहा घ्या आधी. कारण मी जे सांगणार आहे, ते ऐकून तुम्ही मला चहा पाजणं बंद कराल.

मला वाटलं होतं, मी बहरीनला परतेन आणि जगात शांतता आणायच्या कामाला लागेन. आयर्लंडमध्ये पाच वर्षं काढून ‘शांतता आणि संघर्ष’ या विषयात एमए करून आले होते. नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सुरक्षा क्षेत्रातील नामांकित मासिकासाठी उपसंपादक.’ मी मुलाखतीला निःशस्त्रीकरणावरचा माझा प्रबंध घेऊन गेले.

प्रत्यक्षात काय मिळालं? सीफ भागातल्या एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर तीन टेबलं, एक कॉफी मशीन आणि बंदुकांच्या व्यापाऱ्यांसाठी निघणारं एक गुळगुळीत इंग्रजी मासिक! माझ्या वाट्याला दोन सदरं. एक ‘नवीन उत्पादने’. दुसरं ‘प्रकाशन वार्ता’, म्हणजे कोणत्या कंपनीचा कॅटलॉग निघाला आणि बंदुकांच्या कोणत्या मासिकाने बंदुकांच्या कोणत्या मासिकाला उत्कृष्ट म्हटलं. पुढच्या महिन्यात दुसरं पहिल्याला उत्कृष्ट म्हणायचं. झाली वार्ता!

गंमत म्हणजे ऑफिसात एकानेही बंदूक हातात धरलेली नव्हती. आमचे संपादक लिमयेसर पुण्याचे. अंडंसुद्धा न खाणारे. नॅशनल डेला आतषबाजी सुरू झाली की खिडक्या लावून कानात बोटं घालून बसायचे. आणि लिहायचे काय? ‘हाताळायला अत्यंत सुखद.’ तुम्ही कधी हाताळली हो, सर?

दुसरे गजभियेकाका. नागपूरचे. बावीस वर्षं मासिकाची पानं लावतायत. पान छापायला जाण्याआधी एका पिवळ्या चिठ्ठीवर ‘तपासले’ लिहून सही करायची, हे त्यांचं काम.

“काका, तपासता म्हणजे नक्की काय करता?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“फोटो पाहतो. तीनशे डीपीआय हाय का नाही, म्हंजे छपाईले साफ येते का नाही.”

“आणि मजकूर खरा आहे की नाही?”

“पोरी, कंपनीनंच पाठवला ना? मंग खोटा कसा राहीन?”

माझं रक्त उसळलं. तुम्ही मला ओळखता. मी काय गप्प बसणार? ठरवलं, या धंद्याला आतून हादरवायचं. व्यंगाच्या एका फटक्यात!

मी ‘नवीन उत्पादने’मध्ये एक बातमी घुसवली. रायफलचं नाव ‘कॉन्शन्स’, म्हणजे विवेकबुद्धी. चाप ओढला की ती मृदू आवाजात तीनदा विचारते, ‘नक्की ना?’ मग दहा मिनिटं थांबते. तरीही ऐकलं नाहीत, तर तुमच्या आईला मेसेज पाठवते. झाडत मात्र काहीच नाही.

वाचणाऱ्याला लाज वाटेल, असा माझा हिशोब होता. प्रश्न फक्त फोटोचा. घरात बंदूक कुठली? पण स्वयंपाकघरात आईचा पितळी सोऱ्या होता. चकल्यांचा. काळ्या ओढणीवर आडवा ठेवला, टेबललॅम्प मारला आणि चांदणीच्या भोकाकडून, दांडाही दिसेल असा तिरका फोटो काढला. अहाहा! काय भेदक दिसला!

“नवीन कंपनी हाय काय?” गजभियेकाकांनी विचारलं.

“हो, काका.”

“फोटो लई क्लिअर हाय.” आणि चिठ्ठीवर सही.

अंक निघाला. मी वादळाची वाट बघत बसले. निषेधाची पत्रं येतील, कोणी हसेल, कोणी चिडेल! फोन वाजला. पलीकडे सौदीतला एक दुकानदार, मूळचा हैदराबादचा.

“मॅडम, वो कॉन्शन्स में माँ की जगह बीवी को मेसेज जाएगा क्या?”

“क्यों?”

“माँ गाँव में है. नेटवर्क नहीं आता.”

मी फोन ठेवला तर दुसरा. याला डावखुऱ्यांसाठीची हवी होती. तिसऱ्याने विचारलं, मेसेज बंद करायची सोय आहे का? मी म्हटलं, “साहेब, मग तिच्यात उरलं काय?” तर म्हणतो, “फिनिश फार छान आहे, मॅडम.”

लिमयेसर खुशीत. “अगं, पंधरा वर्षांत या सदरावर एवढे फोन आले नाहीत! कंपनीचा नंबर दे, पानभर जाहिरात मागू.” मी म्हटलं, देते. इंशाल्ला. बघा, सत्याची पुजारीण आता ‘इंशाल्ला’च्या आड लपायला लागली!

आणि मग ती ईमेल आली. आमच्या मागच्या कव्हरवर वर्षानुवर्षं जाहिरात देणारी युरोपातली कंपनी भडकली होती. ही सोय म्हणे त्यांच्या रायफलमध्ये गेल्या वर्षापासून आहे. आम्ही चोराची प्रसिद्धी केली. पुरावा म्हणून त्यांनी फोटो जोडला होता. खुलासा छापा, नाहीतर जाहिरात बंद.

लिमयेसर लाल झाले. “पान तपासलं कोणी?”

चिठ्ठी निघाली. सही गजभियेकाकांची.

“गजभिये, तुमचा व्हिसा रिन्यूअलला गेलाय ना? उद्या दुपारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर तो थांबवायला सांगतो.” एवढं बोलून सर शहराबाहेर झल्लाकला कुठल्याशा मीटिंगला निघून गेले.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरची स्केलपट्टी उचलून खणात ठेवली, जशी काही आजच शेवटची. मी जवळ गेले.

“काका, सरांना सांगा ना, मजकूर माझा होता.”

“तुले कायले मधात टाकू? सही माही हाय.” मग हळूच म्हणाले, “पोराचं शेवटचं वर्ष हाय. नागपूरले. तेवढं निघालं असतं तर बरं झालं असतं.”

ऐकताय ना? मी धंद्याला हादरवायला निघाले होते. धंद्याला साधा ओरखडा नाही. हादरला तो एकच माणूस, ज्याने माझ्या शब्दावर सही केली होती!

संध्याकाळी घरी पोचले तर आई मंडळाच्या फराळासाठी चकल्या पाडत होती. मी सोफ्यावर ठेवलेला अंक तिने चाळला, आणि किंचाळली.

“अगं, हा माझा सोऱ्या!”

“कशावरून?”

“दांड्याजवळचा पोचा बघ. तुझ्या बारशाला पडला होता हातातून. आणि बंदुकांच्या पुस्तकात काय करतोय तो?”

तिला सगळं सांगितलं. तिने अंक मिटून ठेवला. मग म्हणाली, “ती बंदूक आईला मेसेज पाठवते म्हणे. हे करण्याआधी तू एक पाठवला असतास तर?”

सकाळी मी ठरवलं. सोऱ्या पिशवीत घातला आणि लिमयेसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“सर, ही ती रायफल. बातमी मी रचली. काकांना काही माहीत नव्हतं. व्हिसा थांबवायचा तर माझा थांबवा.”

सर सोऱ्याकडे बघत राहिले. पुण्याचा माणूस! सबंध आयुष्य चकल्या खाल्लेला! त्यांनी नकळत दांडा फिरवला. आत कालचं पीठ राहिलं होतं. चांदणीतून वळवळत एक काटेरी शेपूट बाहेर आलं आणि थेट त्यांच्या कीबोर्डवर पडलं. सर ओरडून खुर्चीसकट मागे सरकले.

आमच्या मासिकाच्या इतिहासात हत्यार प्रत्यक्ष चालवून पाहण्याची ही पहिली वेळ.

तेवढ्यात गजभियेकाका आले. त्यांनी युरोपातल्या कंपनीचा ‘पुरावा’ स्क्रीनवर मोठा केला. “सर, जरा पाहा. आपल्या फोटोवानी ह्याच्यातबी दांड्यापाशी पोचा हाय. फक्त उलट्या बाजूले.”

आमचाच फोटो! आरशासारखा फिरवून, वर त्यांचा लोगो! आईच्या सोऱ्याला गेल्या वर्षीपासून युरोपात नोकरी लागली होती!

सरांचा चेहरा उजळला. “म्हणजे तेही खोटे, आपणही खोटे. खलास! मफी मुश्किल! काही अडचण नाही! व्हिसा जाऊ दे पुढे. विषय संपला.”

“संपला नाही, सर,” मी म्हटलं. हो, तरीही माझी खोड जाईना! “खुलासा छापायचा. माझ्या नावाने. आणि यापुढे माझ्या पानाच्या चिठ्ठीवर सही माझी. तपासून.”

सर डोकं खाजवत म्हणाले, “खुलाशाचं सदरच नाही गं आपल्याकडे. ‘नवीन उत्पादने’मध्येच टाक. माफी आपल्याकडे नवीनच आहे.”

मी बसले आणि एका दमात लिहिलं. मनापासून. ‘ती रायफल नसून माझ्या आईचा पितळी सोऱ्या होता. वाचकांना पडताळून न पाहिलेली माहिती दिल्याबद्दल मी क्षमा मागते.’ पिवळ्या चिठ्ठीवर झोकात लिहिलं, ‘तपासले’. खाली सही. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं हो!

गजभियेकाकांनी खुलासा वाचला. मग सोऱ्या उचलला, हातात तोलला, नखाने खरवडला. खाली पांढरं दिसलं.

“पोरी,” ते म्हणाले, “पितळ इतकं हलकं नसते वं. हे ॲल्युमिनियम हाय. वरून रंग देला.”

मी चिठ्ठीवरची माझी सही खोडली आणि आईला फोन लावला.