भ्यायचं काम हरूचं होतं

फोन आला तेव्हा रविवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील. पलीकडे सुमनवहिनी, हरूची बायको. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुठल्या सोसायटीत?" आजही सांगताना लाज वाटते. रविवारी आम्ही काम घेतच नव्हतो. माणूस चांदीपला स्वतःच्या ओटीवर खुर्चीत बसून बिरड्याचे वाल सोलत होता. सोलता सोलता मान खाली गेली, वहिनींना वाटलं डुलकी लागली. पाच मिनिटांनी त्या परात न्यायला बाहेर आल्या, तर वाल तसेच मुठीत... आणि मी विचारतो, कुठल्या सोसायटीत! पण खरं सांगू का, या धंद्यात असा फोन कधीतरी येणार हे चार वर्षं मी धरूनच चाललो होतो. फक्त माझ्या डोक्यात तो फोन नेहमी एखाद्या उघड्या टाकीजवळून यायचा. हरू गेला हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला पटलं, पण ओटीवर गेला हे अजून नीट पटलेलं नाही.

हरेश्वर म्हणजे आमचा हरू. वसईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत तो मेंटेनन्सचा फिटर आणि मी स्टोअरकीपर. एकवीस वर्षं एकाच शेडखाली काढली. तो चांदीपचा, भातशेतीवाल्या घरातला. मी देवगडकडचा, बोळिंजला फ्लॅट घेऊन राहिलेला. मी बोलका, तो घुम्या. आणि भित्रा किती म्हणून सांगू! पाल दिसली की हा टेबलावर. लिफ्टमध्ये बसायचा नाही. कँटीनच्या कुकरची शिट्टी झाली की याच्या हातातला पाना खाली पडायचा. अख्खी कंपनी त्याला 'भागूबाई' म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणायचो. तोही हसायचा बिचारा. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला, पन्नाशीला आलेल्या दोघांना दारात कोण उभं करणार? तेव्हा चोकअप काढायच्या धंद्याची कल्पना माझी. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दर आठवड्याला कुठेतरी तुंबलेलं असायचं, सांडपाण्याची लाइन तरी नाहीतर सेप्टिक टँक तरी. मी म्हटलं, हरू, माणसं आहेत तोवर हा धंदा बुडायचा नाही. "सायेब, मला नुसता ऐकूनच पोटात गोला आला," म्हणाला आणि उठून गेला.

तीन दिवसांनी परत आला तो अट घेऊन. "करू आपन. पन टाकीत मी नाय उतरनार. तुमी नाय उतरनार. आनि दुसऱ्या कोनाला पन उतरवायचा नाय. कार्डावर छापा तसा." मी कपाळावर हात मारला. अरे, दुकानाच्या पाटीवर 'येथे माल मिळणार नाही' असं कोणी लिहितं का? पण तो ऐकेना. शेवटी छापलं. फोन नंबरच्या खाली ठळक अक्षरात: 'टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवला जाणार नाही.' कार्ड वाचून लोक हसायचे. एका चेअरमननी तर विचारलं, मग तुम्ही काय वरून मंत्र म्हणता का?

पहिलं मोठं काम फुलपाड्यात मिळालं, एका जुन्या इमारतीचा सेप्टिक टँक. हरूचा काका गावात विहिरी उपसायचा. विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर खाली हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. हरूने हे लहानपणी शंभरदा बघितलेलं. कोणी उतरणार नव्हतंच, पण हवा कशी आहे ते तरी कळावं म्हणून तो घरून कंदील घेऊन आला. मलाही वाटलं, वा, जुन्या माणसांचं शहाणपण. झाकण सरकवलं, त्याने कंदील आत सोडला, हातभर खाली गेला असेल नसेल... भप्प! निळी ज्वाळा थेट आमच्या तोंडावर. त्याच्या भुवया गेल्या, माझ्या मिशीचा एक कोपरा गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घाबरून बादलीभर पाणी ओतलं, तेही आमच्याच डोक्यावर. मी भिजलेल्या मांजरासारखा उभा राहून हसत सुटलो. हरू मात्र भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे दात वाजत होते. म्हणाला, "हिरीतली हवा दिवा विझवते, सायेब. ही पेटते. मला ठावच नव्हता." मग जरा वेळाने, "अजून काय काय ठाव नाय आपल्याला?" मी म्हटलं, सोड रे, वाचलो ना.

त्या दिवसापासून हरू या धंद्याला घाबरत घाबरतच शिकला. झाकण उघडलं की तासभर हात लावायचा नाही. आजूबाजूला विडीकाडी नाही. एकदा वासाने हैराण झालेल्या एका आजींनी चेंबरजवळ उदबत्ती लावली, तर हा पन्नाशीचा माणूस पळत जाऊन त्या उदबत्तीवर चप्पल घेऊन तुटून पडला. आजी ओरडल्या, "अरे मेल्या, देवाची आहे ती!" तर हात जोडून म्हणतो, "देवाजवल लावा ना मग, आजी." रोज सकाळी वरूनच तुंबलेलं मोकळं करायच्या लांब रॉडचं प्रत्येक पेर तपासायचा, टाकी उपसायच्या पंपाचा पाइप वास घेऊन बघायचा. आणि झुरळं. झाकण उघडलं की झुरळं भराभरा बाहेर येतात, हे कोणालाही माहीत आहे. हरूचं म्हणणं असं की नाही आली तर समजायचं खाली काहीतरी बिघडलंय. खरंखोटं देव जाणे. मी शहाण्या माणसांना विचारलं, कोणी हो म्हणालं, कोणी हसलं. पण झुरळं दिसली नाहीत की हरू दोन पावलं मागे, आणि माझा दंड धरून मलाही मागे.

गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं माझं होतं. तिथेच घोळ होता. मला नाही म्हणता येत नाही. "होऊन जाईल, साहेब. बारापर्यंत मोकळं करून देतो." मी फोनवर शूर, आणि तो शूरपणा निभवायला हरू. बोळिंजलाच एका सोसायटीत तळमजल्यावर साखरपुडा होता आणि आदल्या दिवसापासून संडास उलटे वाहत होते. मी शब्द दिला, दहापर्यंत होईल. साडेनऊला आमच्या पंपाच्या पाइपाचं तोंड टाकीत कशात तरी अडकलं. ओढलं, हलवलं, आकड्याने उचकटलं, ढिम्म हलेना. वर मांडव, हारवाले आलेले, मुलीचे वडील घामाघूम होऊन माझ्यापुढे उभे. "सावंत, चार पायऱ्या खाली तर आहे. हात घातला की निघेल. तुम्ही बोलला होता..." आतल्या लोखंडी पायऱ्या दिसत होत्या, पाइपाचं तोंडही जवळजवळ दिसत होतं. मी चपला काढल्या. हरू म्हणाला, "झुरलं आली नाय, सायेब." मी म्हटलं, गप रे. आणि उतरलो. एक पायरी, दुसरी. सडक्या अंड्यासारखा वास येत होता तो अचानक यायचा बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, हवा मोकळी झाली.

तेवढ्यात मानेला हिसका बसला. शर्ट टर्रकन फाटला. हरूने दोन्ही हातांनी माझी कॉलर धरून मला वर खेचलं, माझा गुडघा काठावर सोलवटून निघाला. एकवीस आणि वर दोन वर्षांत ज्याने मला कधी 'तू' म्हटलं नाही, तो माणूस ओरडत होता, "वर ये! वर ये, हरामखोर!" मला जमिनीवर टाकून त्याने झाकण ओढलं आणि त्यावर बसला. रडत होता. सगळ्यांदेखत, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. मांडवातली दोन-चार माणसं फिसकन हसली. आणि मी काय केलं? फाटक्या शर्टात उभं राहून त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "भागूबाई! धंदा करायची लायकी नाही तुझी. जा, बायकोच्या पदराआड बस." तो झाकणावरून उठला नाही. साखरपुडा शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. दुपारी मोठा टँकर आला, त्याच्या यंत्राने टाकी उपसली. त्या दिवशी खाली काय होतं ते मला आजही माहीत नाही. वास येईनासा होतो ते हवा मोकळी झाल्यामुळे नाही, विषारी वायूने आपलं नाक मेल्यामुळे, हे मला पुढे खूप दिवसांनी कळलं. कळलं तेव्हा मी भाजी निवडत होतो. हातातली जुडी तशीच राहिली.

आठ दिवस आम्ही बोललो नाही. नवव्या दिवशी सकाळी तो दारात. "सायेब, आज कुठं जायचा?" जणू काही झालंच नाही. मी चहा ठेवला. माफी मागायची माझ्या जिभेवर होती, पण आज मागू, उद्या मागू करता करता दोन वर्षं गेली. भागूबाई म्हणायचंही मी सोडलं नाही. सवय हो, दुसरं काय... म्हणजे असं मी स्वतःला सांगायचो.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर तीन आठवड्यांनी मी पहिलं काम घेतलं. लोक थांबत नाहीत, आणि मला घरात बसवेना. फुलपाड्यातच, रस्त्यालगतचं खोल चेंबर. एकटाच गेलो. झाकण उघडलं, तासभर थांबलो, सगळं रीतीप्रमाणे केलं. रॉड घातला, आणि त्याचं पुढचं पेर आत तुटून राहिलं. वर दोन दुकानदार उभे. एक म्हणाला, "काका, दिसतंय की ते. एक पाय खाली टाका, हाताला येईल." आणि देवाशपथ सांगतो, मी चप्पल काढली. काही विचार केला नाही. एक पाय पायरीवर टेकला, आणि मी थांबलो. कशासाठी, तर मागून कोणी ओरडेल म्हणून. कोणी ओरडलं नाही. मागे वळून बघितलं तर रिक्षा, भाजीची गाडी, शाळेतून येणारी पोरं. चार वर्षं भ्यायचं सगळं काम त्या माणसाने एकट्याने केलं होतं, माझ्या वाट्याचंसुद्धा. मला भ्यायला येतच नव्हतं. हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी तो एक पाय वर घ्यायला मला दुकानदाराचा हात धरावा लागला. मी झाकण लावलं. म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही, टँकर बोलवा. "घाबरलात काय, काका?" त्याने विचारलं. हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथून तडक चांदीपला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, बोळिंजचंही सांगितलं, मी काय बोललो होतो ते शब्द न गाळता. जी माफी त्याच्याकडे मागायची होती ती त्यांच्यापुढे मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. "ठाव हाय मला," म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन जेवले नाय. म्हनत होते, सायबाला भ्या वाटत नाय गं, त्याचं कसं व्हायचं." मग म्हणाल्या, "तुमाला एक सांगू? काम झाला की ते मला फोन करायचे. एकच शब्द. लागला. म्हंजे झाकन लागला. तो ऐकला की मग मी ताट घ्यायची." मला आठवलं, काम आटपलं की हरू हात धुऊन जरा बाजूला जायचा, फोन कानाला लावायचा आणि लगेच ठेवायचा. मी चिडवायचो, काय रे, बायकोला विचारतोस काय भाजी केली? तो मान हलवायचा. चार वर्षं मी हे बघितलं आणि एकदाही विचारलं नाही. निघताना वहिनी ओटीपर्यंत आल्या. "धंदा बंद नका करू," म्हणाल्या, "पन फोन तेवढा करा."

आता करतो. झाकण लागलं की हात धुवायचे, बाजूला जायचं. "वहिनी, लागलं." त्या "बरं" म्हणतात आणि ठेवतात. दुसरं काही बोलणं होत नाही. मागच्या आठवड्यात विसरलो. काम लवकर आटपलं, घरी आलो, जेवलो, आडवा झालो. चार वाजता जाग आली तेव्हा आठवलं. लगेच फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला, पण बोलेनात. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "वहिनी, लागलं हो, केव्हाच लागलं. विसरलो मी, घरीच आहे."

मग म्हणाल्या, "बरं. जेवते आता."