साहेबांच्या केबिनसमोरची मतपेटी

परवा आमच्या परळच्या सरकारी ऑफिसात कर्मचारी संघटनेची निवडणूक झाली. मी कुठल्याच गटात नाही, म्हणून निवडणूक अधिकारी व्हायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

दरवेळी मतदान जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी व्हायचं. यंदा आम्ही अर्ज केला आणि मोठ्या साहेबांनी चक्क मीटिंग हॉल दिला... शिवाय मत द्यायला प्रत्येकाला कामातून थोडी सवलत. सगळे खूश.

पण सकाळी मतपेटी मांडून बसले, तर कोणी फिरकेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेमतेम पाच-सहा मतं. निम्म्या सभासदांनी मत दिलं नाही, तर आमच्या नियमाप्रमाणे निवडणूकच रद्द!

अकाउंट्समधली सुषमा पॅसेजमध्ये घुटमळताना दिसली. "काय गं, आत का येत नाहीस?"

"मॅडम, समोर बघा ना..."

बघितलं. हॉलच्या दारासमोर साहेबांची काचेची केबिन. मत कोणाला दिलं ते कळत नाही, पण कोण आलं ते कळतंच... आणि बदल्या साहेबांच्या सहीने होतात. त्यात उभे कोण, तर गेल्या वर्षी साहेबांना घेराव घालणारे सावंत; म्हणजे मत द्यायला आलेला प्रत्येक जण साहेबांना सावंतांचाच वाटणार.

मी दोन मिनिटं विचार केला आणि केबिनचं दार ढकललं.

"सर, तुम्ही इथे आहात म्हणून लोक येत नाहीयेत."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "मी कुठे कोणाकडे बघतोय?"

"बघत नाही सर. पण दिसता."

आपलीच बदली आता कुठे होणार, हे मी मनात ठरवत होते. साहेब उठले. लॅपटॉप उचलला, दोन फायली काखेत मारल्या आणि खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसले... पार मतदान संपेपर्यंत, वड्यांच्या वासात.

दुपारनंतर हॉलबाहेर रांग लागली. सुषमा पहिली.

सावंत निवडून आले. मी साहेबांना कळवायला गेले, तर ते म्हणाले, "बरं. आता हॉल रिकामा करा, उद्या मीटिंग आहे."

संघटनेचं आणि साहेबांचं यापुढेही पटणार नाही, आणि पटलंच पाहिजे असंही नाही. पण स्वतःविरुद्ध जाणाऱ्या मतांसाठी एक माणूस आपली खुर्ची सोडून उठला... त्याबद्दल त्यांना थँक्यू म्हणायचं तेव्हा राहून गेलं, ते इथे म्हणते.